कर्मवीर भाऊराव पाटील : कषाय आणि कर्तव्य

नेसरी गावाचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात एका दिवसाने अमर केले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी स्वराज्याचे सरनौबत प्रतापराव गुजर येथील खिंडीत मोजक्या सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले. उमराणीच्या रणांगणात कोंडीत सापडलेल्या खानास प्रतापरावांनी दयाबुद्धीने सोडून दिले होते. त्याबद्दल छत्रपतींकडून आलेला ठपका त्यांच्या जिव्हारी लागला. तो सल इतका खोल गेला की मागे असलेल्या सैन्याची वाट पाहण्याइतकाही धीर त्यांना उरला नाही. त्या हौतात्म्यापुढे नेसरीकर पिढ्यान्‌पिढ्या नतमस्तक होत आले आहेत आणि पुढेही होत राहतील. तथापि त्याच खिंडीकडे पाहताना एक प्रश्न विचारी मनात उभा राहतो. बोल लागला, अपमान झाला, मन पेटून उठले, तर त्या क्षणी माणसाने काय करावे? रणांगणावरील वीराचे उत्तर या खिंडीने दिले आहे. संसारी गृहस्थाचे, श्रावकाचे उत्तर कोणते?

ते शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. याच कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यातील कुंभोज या गावी, आपल्याच समाजात जन्मलेल्या एका महापुरुषाच्या चरित्रात ते पानोपानी विखुरलेले आहे. ते महापुरुष म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक, पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी किती शाळा काढल्या, किती वसतिगृहे उभारली याचे वर्णन अनेकांनी केले आहे आणि ते यथायोग्यच आहे. परंतु या शाळा उभारणारा माणूस स्वभावाने शांत, थंड डोक्याचा, कधी न चिडणारा असा कोणी साधुपुरुष होता अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर ती दूर करणे अगत्याचे आहे. भाऊराव तापट होते. त्यांचा देह आडदांड, आवाज खणखणीत आणि संताप प्रसिद्ध होता. त्यांच्या मनात उठलेली वादळे सामान्य माणसाच्या वादळांपेक्षा लहान नव्हती. मोठीच होती.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे आजोळी झाला. आज ज्या कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर आपण दर्शनाला जातो, त्याच्याच छायेतील हे गाव. घराण्याचे मूळ दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्रीचे असल्याचे सांगतात. पुढे हे घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथे स्थायिक झाले व पाटीलकीमुळे पाटील हे नाव रूढ झाले. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून, मातोश्री गंगाबाई या धर्मपरायण. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण अनेक गावी गेले. अस्पृश्यांना पाणी भरू न देणाऱ्या एका विहिरीचा रहाट या मुलाने रागाच्या भरात मोडून टाकल्याची आठवण त्यांच्या बालपणातील म्हणून सांगितली जाते. अन्याय दिसला की पेटायचे आणि पेटले की मोडायचे, असा हा पिंड होता. मोडणाऱ्या हातांना जोडण्याचे वळण लागायला आणखी बरीच वर्षे जायची होती.

इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन मुलांना शिक्षणाची वाट खुली करून देणारे हे वसतिगृह म्हणजे त्या काळी समाजाचे भूषण होते. शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्यासारख्यांचे औदार्य आणि अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वानांचे मार्गदर्शन या बोर्डिंगला लाभले होते. कोल्हापुरात त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघत होती. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाने वसतिगृह उघडले. त्या समारंभास तरुण भाऊराव हजर राहिले. बोर्डिंगमध्ये परतल्यावर, अस्पृश्यांमध्ये मिसळून आल्यामुळे स्नान करून मगच जेवायला बसावे असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. परिणाम असा झाला की त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

ही घटना आपल्या समाजाला अभिमानाने सांगण्यासारखी नाही, पण म्हणून ती गाळणेही योग्य होणार नाही. ज्या धर्माने जन्मावरून नव्हे तर कर्मावरून माणसाची थोरवी मोजली, त्याच धर्माच्या वसतिगृहात हा विटाळ पाळला जात होता. बोर्डिंगच्या कारभाराशी लठ्ठे यांचा निकटचा संबंध होता. तेव्हा बाहेर पडताना भाऊरावांच्या मनात स्वकीयांविषयी आणि विशेषतः अण्णासाहेबांविषयी कडवटपणा आला असल्यास नवल नव्हते. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, परक्या शहरात, अंथरुणाची वळकटी घेऊन रस्त्यावर आलेला. पुढे काही काळ त्यांना शाहू महाराजांच्या सहवासाचा लाभ झाला आणि महाराजांच्या कार्याचा खोल ठसा त्यांच्या मनावर उमटला. शालेय शिक्षणाने मात्र साथ दिली नाही. मॅट्रिकचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ते सुटले. यानंतर विवाह झाला. कुंभोजच्याच पाटील घराण्यातील कन्या, पुढे रयतमाउली म्हणून ज्यांचे नाव झाले त्या लक्ष्मीबाई, त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. भाऊराव साताऱ्यास शिकवण्या घेऊ लागले. याच सुमारास दूधगाव येथे काही सहकाऱ्यांसमवेत वसतिगृहाचा पहिला प्रयोगही त्यांनी केला.

आणि मग १९१४ साल उजाडले.

कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. इंग्रजी अमलाखालील संस्थानात हा गुन्हा साधा नव्हता. संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आली. दरबारातील काही मंडळींचे आणि लठ्ठ्यांचे बिनसलेले होते. भाऊरावांनी लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी असा दबाव त्यांच्यावर आणण्यात आला. खोटी साक्ष देण्यास त्यांनी साफ नकार दिला तेव्हा त्यांनाच अटक झाली, कोठडीत डांबण्यात आले आणि छळ सुरू झाला.

येथे क्षणभर थांबून या प्रसंगाचे वजन करून पाहावे. ज्या माणसाविरुद्ध साक्ष मागितली जात होती, तो कोण? ज्या बोर्डिंगमधून आपल्याला बाहेर पडावे लागले त्या बोर्डिंगचा कर्णधार. जुना सल उकरून काढायला यापेक्षा सोयीची संधी मिळाली नसती. एक खोटे वाक्य उच्चारले असते तर सुटकाही झाली असती आणि जुना हिशेबही चुकता झाला असता. व्यवहारात असे प्रसंग लहान प्रमाणात प्रत्येकावर येतात. समोरच्याने आपल्याला कधीतरी दुखावलेले असते आणि एके दिवशी त्याची मान आपल्या हातात येते. त्या दिवशी मनात जे विचार येतात ते फारसे पवित्र नसतात. भाऊरावांच्या मनात काय आले हे केवळी भगवानच जाणोत. पण जिभेने खोटे उच्चारले नाही. सत्याणुव्रत म्हणजे काय, याचे उदाहरण पाठशाळेतील मुलांना द्यायचे असेल तर हे पुरेसे आहे.

मात्र या धैर्याची किंमत जबर होती. कोठडीतील दिवस लांबत गेले. बाहेर बदनामी पसरली. वृद्ध आई-वडील आणि तरुण पत्नी यांच्या चिंतेने मन पोखरले. निराशेचा अंधार इतका दाट झाला की भाऊरावांनी कोठडीतच आपला जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. थोर पुरुषांच्या चरित्रातून असे प्रसंग वगळण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु हा प्रसंग वगळला तर पुढच्या सर्व कार्याचा अर्थ अर्धाच कळेल. आपल्या शास्त्रांनी आत्मघाताला थारा दिलेला नाही. शांत चित्ताने, रागद्वेष सोडून, गुरूंच्या साक्षीने होणारी सल्लेखना निराळी आणि दुःखाच्या आवेगात जीवनाचा त्याग करणे निराळे, असा स्पष्ट भेद आचार्यांनी केला आहे. भाऊरावांचे ते पाऊल चुकीचे होते, यात शंका नाही. पण ज्याच्या मनात तसा विचार येतो तो माणूस कायमचा दुबळा किंवा पापी ठरत नाही, हेही त्यांच्याच आयुष्याने दाखवून दिले. ज्या हातांनी एकदा स्वतःचे जीवन संपवू पाहिले, त्याच हातांना पुढे पंचेचाळीस वर्षे हजारो मुलांच्या जीवनाला आकार द्यायचा होता. त्या रात्री हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. आजही एखाद्या घरात असा अंधार दाटला असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तिच्याजवळ बसणे आणि वेळीच वैद्यकीय मदत घेणे, हे घरच्यांचे व समाजाचे पहिले कर्तव्य होय.

आरोप सिद्ध झाला नाही. भाऊराव सुटून आले. सुटका झाली ती देहाची. मनातील संताप कोठडीतच राहिला असे मानणे मनुष्यस्वभावाला धरून होणार नाही. ज्या महाराजांना दैवत मानले त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच पोलिसांकडून हा छळ झाला होता. क्रोध होता, अपमान होता, आणि विश्वास टाकलेल्या ठिकाणी घात झाल्याचे दुःख होते.

जैन तत्त्वज्ञानाने मनाच्या या अवस्थेचा जितका बारकाईने विचार केला आहे, तितका क्वचितच अन्यत्र आढळतो. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय. इष्टाचा वियोग, अनिष्टाचा संयोग, पीडा यांचे सतत चिंतन म्हणजे आर्तध्यान. हिंसेचे आणि सुडाचे चिंतन म्हणजे रौद्रध्यान. कषाय वाईट, एवढेच सांगून आचार्य थांबले नाहीत. त्यांनी त्याच्या पायऱ्या सांगितल्या. काही क्रोध पाषाणावर कोरलेल्या रेघेसारखा असतो, तो जन्मोजन्मी पुसला जात नाही. त्याला अनंतानुबंधी म्हणतात. काही जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, पाऊस पडला की बुजणारा. काही धुळीत ओढलेल्या रेघेसारखा, तर काही पाण्यावरील रेघेसारखा, उमटता उमटताच मिटणारा. पाण्याच्या रेघेची वासना अंतर्मुहूर्तापुरती, धुळीतल्या रेघेची पंधरवड्यापुरती, भेगेची सहा महिन्यांपर्यंत, आणि त्यापलीकडे टिकला तो पाषाणाचा, असे कालमानही शास्त्रात दिले आहे. भाद्रपदातील दशलक्षण पर्वात पहिला दिवस उत्तम क्षमेचा असतो आणि पर्व संपल्यावर आपण क्षमावणी करतो, त्यामागे हाच हिशेब आहे. वर्षाची खातेवही बंद करताना वैराची बाकी पुढे ओढायची नाही.

या वर्गीकरणातील मर्म असे की, क्रोध येऊच नये ही अपेक्षा श्रावकाकडून नाही. ती अवस्था फार वरच्या गुणस्थानाची. श्रावकाकडून अपेक्षा एवढीच की त्याने ती रेघ पाषाणावर कोरत बसू नये. मनात उठलेला विचार म्हणजे आत्मा नव्हे. आत्मा त्या विचाराचा ज्ञाता आहे. विचार आला हे जाणणे आणि विचारामागे धावणे यात जे अंतर आहे, त्या अंतरातच व्रत उभे राहते.

भाऊरावांनी हे शास्त्र पोथीतून घोटले होते असा दावा येथे करायचा नाही. त्यांची पोथी रस्त्यावर होती. कोठडीतून सुटल्यानंतर ते उदरनिर्वाहासाठी विक्रेते झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. लोखंडाने जमीन विटाळते, नापीक होते, अशा समजुती घट्ट होत्या. पुढे त्यांचा साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशी संबंध आला आणि काही वर्षांनी तो तुटलाही. या भटकंतीत त्यांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातील शेकडो खेडी पायाखाली घातली. कर्जात बुडालेला, सही करता न येणारा, सावकाराच्या आणि कारकुनाच्या दारात ताटकळणारा रयतेचा माणूस त्यांनी जवळून पाहिला. आपल्यावरील अन्यायाचा विचार करीत बसण्यापेक्षा या माणसाचा विचार करावा, असे वळण त्यांच्या मनाने कधी घेतले, त्याची तारीख कोणी नोंदवून ठेवलेली नाही. फळ मात्र नोंदलेले आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

१९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. भाऊरावांनी तेथे वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसून जेवतील, स्वतः दळण-कांडण, स्वयंपाक, झाडलोट करतील आणि शिकतील, असा त्याचा शिरस्ता होता. ज्या पंक्तीच्या प्रश्नावरून त्यांना एकदा बोर्डिंग सोडावे लागले होते, तीच पंक्ती त्यांनी आपल्या हातांनी मांडली. बोर्डिंगवर टीका करणारी भाषणे देत हिंडण्यापेक्षा हे उत्तर अधिक बोलके होते, असे म्हणावे लागेल.

आता या वसतिगृहाला नाव काय द्यावे? २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव होते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस.

ज्यांच्या राज्यात कोठडी भोगली, ज्यांच्या पोलिसांनी छळ केला, ज्यांच्या अमलात जीव नकोसा झाला, त्यांचेच नाव भाऊरावांनी आपल्या सर्वांत लाडक्या वास्तूच्या कपाळी लावले. महाराज ६ मे १९२२ रोजीच कैलासवासी झाले होते. त्यांना खूश करून काही पदरात पाडून घ्यायचे म्हणावे, तर ते शक्य नव्हते. भीतीचाही प्रश्न नव्हता. वसतिगृह साताऱ्यात, इंग्रजी मुलखात होते. दुसरे कोणतेही नाव देता आले असते आणि कोणी बोट दाखवले नसते. पण बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहांची कल्पना या भागात ज्यांनी रुजवली, त्यांचे नाव वसतिगृहाला असावे हे न्यायाचे होते. स्वतःवर झालेला अन्याय एका पारड्यात आणि महाराजांचे समाजावरील ऋण दुसऱ्या पारड्यात घालून भाऊरावांनी तोल केला. स्वतःचे दुःख त्यांनी खोटे ठरवले नाही, फक्त त्याला तराजूची दांडी हातात धरू दिली नाही.

याच प्रकरणातील दुसरी व्यक्ती म्हणजे अण्णासाहेब लठ्ठे. त्यांचे वर्तनही येथे सांगितले पाहिजे, कारण ते आपल्या समाजाचे धुरीण होते. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. डांबर प्रकरणाचा फास त्यांच्याच गळ्याभोवती आवळला जाणार होता. त्याच लठ्ठ्यांनी महाराजांच्या निधनानंतर अवघ्या दोन वर्षांत, १९२४ साली, शाहू छत्रपतींचे सविस्तर इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध केले. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. एकाच प्रकरणात पोळलेले दोन जैन गृहस्थ, एकाने महाराजांचे चरित्र लिहिले, दुसऱ्याने महाराजांच्या नावाचे वसतिगृह बांधले.

लक्ष्मीबाईंची कथा याहून निराळी नाही, फक्त ती स्वयंपाकघरात घडली. त्या कर्मठ, सोवळे-ओवळे मानणाऱ्या जैन कुटुंबात वाढलेल्या. अशा स्त्रीच्या चुलीजवळ महार, मांग, मुसलमान, मराठा, जैन अशी सगळी मुले एकत्र जेवायला बसू लागली. प्रारंभी त्यांच्या मनाला हे जड गेले नसेल असे कोण म्हणेल? लहानपणापासून अंगी मुरलेली शिसारी आणि भीती एका दिवसात जात नाही. पण भुकेलेले मूल समोर आले की ताट वाढायचे, हा धर्म त्यांनी त्याहून मोठा मानला. वाढता वाढता परकेपणा गळून गेला आणि त्या मुलांच्या आई झाल्या. भाऊराव वर्गणीसाठी गावोगाव फिरत असत. अशाच एका वेळी ते बाहेरगावी असताना वसतिगृहातील धान्य संपले. मुले उपाशी राहणार, हे पाहून लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले आणि धान्य आणवले. त्याआधीच अंगावरील सोने एकेक करून वसतिगृहाच्या चुलीत गेले होते. सौभाग्याच्या लेण्याला हात लावताना एका श्राविकेच्या हृदयात काय झाले असेल, त्याची कल्पना समाजातील माताभगिनींनी करावी. पुरुषांना ती पुरती करता येईल असे वाटत नाही. १९३० साली ही माउली निवर्तली. वसतिगृहातील मुले पोरकी झाली आणि भाऊरावांचा आधार गेला. ते खचले, पण वसतिगृहातील चूल विझली नाही.

पुढील काळातील संस्थेची वाढ येथे थोडक्यातच सांगणे शक्य आहे. १९३५ साली शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज, १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल, १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शिवाजी कॉलेजच्या बाबतीत एक हकीकत सर्वश्रुत आहे. कोणी एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला आपले नाव द्यावे. संस्थेला पैशांची निकड होती. भाऊरावांनी उत्तर दिले ते असे की, एक वेळ आपल्या वडिलांचे नाव बदलू, पण शिवछत्रपतींचे नाव बदलणार नाही. पैशांच्या ओढीपुढे नाही म्हणणे व्यापाऱ्यालाच काय, संस्थाचालकालाही किती कठीण असते, हे ज्यांनी कधी देणग्या गोळा केल्या आहेत त्यांना सांगावे लागणार नाही.

एक प्रसंग मात्र विस्ताराने सांगण्याजोगा आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. ज्यांच्या हस्ते वसतिगृहाचे नामकरण झाले, ज्यांच्यामुळे खादी अंगावर घेतली, ते गेले. दक्षिण महाराष्ट्रात आगीचे लोळ उठले. खुनी ब्राह्मण होता म्हणून निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळण्यात आली. सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ते दिवस फार काळे होते आणि त्याच्या आठवणी अनेक गावांत आजही दबक्या आवाजात निघतात. संतापाला दिशा मिळाली की तो किती झपाट्याने अन्याय होतो, ते त्या दिवसांत सर्वांनी पाहिले. भाऊरावांचे दुःख कोणापेक्षाही कमी नव्हते आणि बहुजन समाजात त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांनी त्या दुःखातून संकल्प केला तो गांधीजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा. बाहेर आगी लागलेल्या असताना हा माणूस शाळांसाठी गावे मोजत होता.

त्यानंतर थोड्याच काळात भाऊरावांच्या काही परखड वक्तव्यांमुळे मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. शिक्षकांचे पगार थांबण्याची वेळ आली. हा नवा अपमान होता आणि तो स्वकीयांच्या सरकारकडून होता. त्यांच्या तापट जिभेचा या संकटात वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. जी रेघ पाण्यावरची असावी ती कधी कधी जिभेवरून जात असे. परंतु शाळा बंद करून सरकारला धडा शिकवावा, हा मार्ग त्यांनी धरला नाही. खेड्यापाड्यांतून लोकांनी धान्य आणि पैसा दिला, शिक्षकांनी तुटपुंज्या मानधनावर शिकवले, गाडगे महाराजांसारख्या संतांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. या ओढाताणीत शाळा चालू राहिल्या.

उतारवयातील भाऊरावांचे छायाचित्र अनेक शाळांच्या भिंतींवर आहे. अंगात जाडीभरडी खादी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. त्या वृक्षाखाली वाढलेल्या मुलांपैकी कोणी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, कोणी कुलगुरू झाले, कोणी मंत्री, आणि असंख्य जण साधे शिक्षक झाले. १९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकही न झालेल्या गृहस्थाला विद्यापीठाने डॉक्टर केले. तोवर शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, कित्येक वसतिगृहे व महाविद्यालये उभी राहिली होती आणि देह थकला होता.

९ मे १९५९ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपवली. शाहू महाराजांची पुण्यतिथी त्याच महिन्यातील ६ तारखेची, म्हणजे अवघ्या तीन दिवसांचे अंतर. साताऱ्यात कर्मवीरांची समाधी आहे. त्याच शहरात शाहू महाराजांच्या नावाचे ते वसतिगृह कर्मवीरांच्या पश्चातही पुढील पिढ्यांच्या मुलांना आसरा देत राहिले.